औषधाच्या जाहिरातीची मागची बाजू

अमेरिकेतील जुन्या औषधालयांच्या चित्रांवरून बनवलेल्या वस्तू संग्रहालयांच्या विक्रीदालनात पाहताना नजर आधी जाते ती रंगीत जाहिरातींवर. फ्रिज मॅग्नेट, मग, टोट बॅगा आणि पोस्टकार्डे यांवर एकोणिसाव्या शतकातील गुटगुटीत मुले, फुलांचे गुच्छ आणि प्रसन्न चेहऱ्याच्या स्त्रिया विराजमान झालेल्या असतात. एखाद्या थोर चित्रकाराची कलाकृती छत्रीवर छापलेली पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी आहे; इथे मात्र ते नाक मुरडणे लागू पडत नाही, कारण ही चित्रे मुळातच माल खपवण्यासाठी काढलेली होती. माझी तक्रार वेगळी आहे: या वस्तूंवर चित्र येते, पण औषध बहुधा मागेच राहते.

साधारण १८७० ते १९०० या काळात अमेरिकेत ट्रेड कार्ड या छापील जाहिरातीची चलती होती. तळहातावर मावेल एवढे जाड कागदाचे कार्ड, पुढच्या बाजूला क्रोमोलिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून केलेल्या रंगीत छपाईने, उमटवलेले चित्र आणि मागे औषधाचे भरघोस गुणवर्णन, असे त्याचे सर्वसाधारण रूप असे. या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे आणि तोच कागद पुन्हा पुन्हा दाबयंत्रातून काढावा लागे. कार्डे औषध कंपनीकडून गठ्ठ्याने येत; दुकानदार मोकळ्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवून ती गिऱ्हाइकांना फुकट वाटत असे. घरात रंगीत चित्र असणे ही तेव्हा अपूर्वाई होती, त्यामुळे लोक ही कार्डे हौसेने वहीत चिकटवून ठेवत. आज संग्रहांतील कितीतरी कार्डांच्या पाठीवर खळीचे डाग आणि वहीच्या कागदाचे तुकडे दिसतात, ते त्यामुळेच. मागचा मजकूर नाहीसा करण्याचे काम विक्रीदालनांनी सुरू केलेले नाही, हे त्यांच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे; ते गिऱ्हाइकांनी आधीच उरकले होते.

अशा वस्तूंवर हमखास भेटणारे एक कार्ड न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील लॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे आहे. अंगणात दोन मुले लाकडाच्या तुकड्यांनी काहीतरी रचत बसली आहेत आणि भोवती मजकूर आहे तो दातदुखीवरील कोकेनच्या थेंबांचा: तत्काळ गुण, किंमत १५ सेंट, नोंदणी मार्च १८८५. हे कार्ड आज विनोद म्हणून खपते आणि कोकेन व लहान मुले एकत्र पाहून हसू येणे स्वाभाविकही आहे. परंतु कार्ल कोलर या व्हिएन्नातील डॉक्टरने कोकेनने डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करता येते हे दाखवून दिले ते १८८४ मध्ये, म्हणजे या नोंदणीच्या जेमतेम वर्षभर आधी. दाताच्या ठणक्यावर कोकेन लावणे हा त्या क्षणी भोंदूपणा नव्हता, तर अगदी ताजे वैद्यकीय ज्ञान होते, आणि वेदना त्याने खरोखरच थांबत असे. ही एवढी माहिती मॅग्नेटच्या वेष्टनावर दोन ओळींत सहज मावली असती.

मिसेस विन्स्लो यांच्या सूदिंग सिरपची कार्डे मला अधिक अस्वस्थ करतात, कारण चित्र म्हणून ती खरोखर देखणी आहेत. आई आणि बाळ, मऊ प्रकाश, सुखी घर. दात येताना रडणाऱ्या बाळांना दिल्या जाणाऱ्या या औषधात मॉर्फिन होते आणि त्यामुळे बाळे दगावली. असे चित्र बाळाच्या खोलीत लावायचे पोस्टर म्हणून विकायला माझी हरकत आहे; तेच चित्र औषधातील घटकांसह छापले, तर मी ते आनंदाने विकत घेईन. १९०६ च्या प्युअर फूड अँड ड्रग अ‍ॅक्टने औषध कंपन्यांकडून नेमके हेच करवून घेतले: मद्यार्क, मॉर्फिन, अफू, कोकेन, हेरॉइन यांपैकी काहीही औषधात असल्यास त्याचे नाव आणि प्रमाण वेष्टनावर देणे बंधनकारक झाले. औषधाला लागू झालेली ही शिस्त त्याच्या स्मरणवस्तूला लागू नसावी, हे थोडे विचित्रच आहे.

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या ‘ड्रग स्टोअर’ या १९२७ च्या चित्राची गोष्ट निराळी आहे. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधील या चित्रात रात्रीच्या अंधारात कोपऱ्यावरच्या दुकानाची काच तेवढी उजळलेली आहे, आत रंगीत द्रवाने भरलेली काचपात्रे आहेत आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. काचपात्रांतील तो रंगीत द्रव औषध नसे. इथे औषधे मिळतात, ही ती दुरून ओळखता येणारी खूण होती. दुकानाच्या नावाच्या वर ठळक अक्षरांत ‘एक्स-लॅक्स’ लिहिलेले आहे, आणि ते आहे चॉकलेटच्या रूपात मिळणारे रेचक. एवढ्या गूढ, एकाकी चित्राच्या माथ्यावर जुलाबाच्या औषधाची पाटी ठेवण्यातला खट्याळपणा मला फार आवडतो. म्हणूनच या चित्राची छापील प्रत घेताना ती वरून कापलेली नाही ना, एवढे जरूर पाहावे.

चित्राचा मोह बाजूला ठेवला, तर मला सर्वांत हवीशी वाटते ती एक चिठ्ठी. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे १७९२ मध्ये सुरू झालेले आणि १९३३ मध्ये बंद पडलेले स्टॅब्लर-लेडबीटर औषधालय आता संग्रहालय आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्यासाठी या दुकानाकडे १८०२ मध्ये एक चिठ्ठी आली: चिठ्ठी घेऊन येणाऱ्याबरोबर उत्तम एरंडेलाची एक बाटली आणि तिचे बिल पाठवावे. गिऱ्हाईक, औषध आणि उधारीचा व्यवहार हे सारे त्यात आहे. ती साध्या जाड कागदावर, मूळ हस्ताक्षरात छापली, तर मगवरच्या गुबगुबीत बाळांपेक्षा तिला माझ्या टेबलावर नक्कीच आधी जागा मिळेल.