धक्का विरतो की राहतो?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या मासिक आकड्यांवर तुम्ही एडीएफ (ऑगमेंटेड डिकी-फुलर) टेस्ट चालवलीत, तिने युनिट रूट, म्हणजे धक्का कायम राहण्याचा गुण, नाकारला नाही. मग केपीएसएस ही दुसरी टेस्ट चालवलीत, तिने मालिका (काळाच्या क्रमाने मांडलेले आकडे) स्टेशनरी, म्हणजे धक्क्यानंतर आपल्या पातळीकडे किंवा ट्रेंडकडे (दीर्घकालीन कलाकडे) परतणारी असल्याचं नाकारलं नाही. आता विश्वास कुणावर ठेवायचा? दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो.

या दोघींचं भांडण नाहीच. एडीएफ युनिट रूट धरून चालते, म्हणजे एकदा बसलेला धक्का कधीच पुरता विरत नाही असं मानते. केपीएसएस उलट टोकाकडून निघते, मालिका स्टेशनरी आहे असं धरून. दोघींनीही आपलं गृहीतक सोडलं नाही, याचा अर्थ निवाडा करण्याएवढी माहिती तुमच्या आकड्यांत नाही.

हे किती गंभीर आहे ते मी वर्गात संगणकावर दाखवते. प्रत्येक आकडा मागच्या आकड्याच्या ०.९५ पट अधिक नवा धक्का, अशा शंभर-शंभर आकड्यांच्या हजारो मालिका बनवायच्या. या मालिका स्टेशनरीच असतात. तरी ५ टक्के पातळीवर (म्हणजे युनिट रूट खरा असताना तो चुकून नाकारण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) डिकी-फुलर टेस्ट, म्हणजे एडीएफचं मूळ रूप, युनिट रूट नाकारते जेमतेम बारा-तेरा टक्के वेळा! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी माझे जुने निष्कर्ष काढून पुन्हा वाचले होते.

मासिकाऐवजी रोजचे आकडे घेऊन हे सुटत नाही. अर्थतज्ज्ञ शिलर आणि पेरॉन यांनी १९८५ मध्येच दाखवलं की आकडे वाढवण्यापेक्षा वर्षं वाढायला हवीत. लोथियन आणि टेलर यांनी १७९१ ते १९९० असा दोनशे वर्षांचा डॉलर-पौंड दर घेतला, तेव्हा कुठे महागाईचा हिशेब धरलेला तो दर आपल्या पातळीकडे परततो हे स्पष्ट दिसलं.

टेस्टही चांगली निवडा. एडीएफऐवजी १९९६ ची डीएफ-जीएलएस ही तिची सुधारित आवृत्ती घ्या. ती ट्रेंड अधिक हुशारीने काढते आणि तिची ताकद, म्हणजे खोटा युनिट रूट ओळखून नाकारण्याची क्षमता, जास्त आहे. लॅग (टेस्टमध्ये धरलेले मागच्या महिन्यांचे बदल) कमी पडले तर युनिट रूट खोटाच नाकारला जातो, म्हणून लॅगसाठी एंग आणि पेरॉन यांचा २००१ चा निकष वापरा.

पण माझ्या मते खरा घोळ असतो तो मालिकेतल्या तुटीचा, म्हणजे पातळी किंवा ट्रेंड अचानक बदलण्याचा. नेल्सन आणि प्लॉसर यांनी १९८२ मध्ये अमेरिकेच्या १४ मालिका तपासल्या. बेरोजगारी सोडून १३ मध्ये युनिट रूट नाकारता आला नाही. पेरॉन यांनी १९८९ मध्ये १९२९ ची मंदी (आणि युद्धानंतरच्या एका वेगळ्या मालिकेत १९७३ चा तेलाचा धक्का) ट्रेंडमधली तूट म्हणून आधीच मोजून घेतली, आणि त्या १४ पैकी ११ मालिकांत युनिट रूट नाकारला गेला. मात्र ही वर्षं त्यांनी आलेख पाहून निवडली, असा आक्षेप आला. तो मला रास्त वाटतो. झिवोट आणि अँड्र्यूज यांनी १९९२ मध्ये तुटीची तारीख आकड्यांनाच शोधू दिली आणि त्या शोधाची किंमतही वसूल केली: ट्रेंडसह साध्या टेस्टची ५ टक्क्यांची सीमा (टेस्टचा आकडा तिच्याखाली गेला तरच युनिट रूट नाकारायचा) -३.४१, त्यांची पातळीतल्या तुटीसाठी -४.८०. पेरॉन यांचे काही निष्कर्ष त्यात टिकले नाहीत. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की रुपयाच्या दरावर काम करताना जुलै १९९१ चं अवमूल्यन आलेख उघडण्याआधी इतिहासातून लिहून ठेवा.

तुमच्या निर्देशांकात अडचण वेगळी आहे. एप्रिल २०२० मध्ये तो फेब्रुवारीच्या निम्म्याहूनही खाली गेला आणि काही महिन्यांत वर आला. कायमची तूट युनिट रूटचा भास घडवते. असा खोल, पण लगेच भरून निघालेला खड्डा टेस्टला उलटीकडे, स्टेशनरी म्हणण्याकडे ओढतो. त्या महिन्यांना वेगळे डमी (फक्त त्या महिन्याचा परिणाम बाजूला काढणारे ०/१ चल) द्या आणि फेब्रुवारी २०२० पर्यंतच्या आकड्यांवरही तीच टेस्ट चालवा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून मला पाठवा.