आमचे रोइंगचे सर

शाळेच्या समितीचं पत्र आलं तेव्हा मी जहाजावर होतो. पत्राचा फोटो घरून व्हॉट्सअॅपवर आला. "शाळेविषयीच्या आठवणी लिहाव्यात." शाळेविषयी लिहिणारे पुष्कळ निघतील. कौलं गळणारी नववी ब, पडवीतली घंटा, स्नेहसंमेलनातली नाटकं हे सगळं त्यांच्यावर सोपवतो. मी फक्त सरांवर लिहिणार आहे. कोणते सर, हे आमच्या बॅचला सांगावं लागत नाही. नंतरच्या मुलांसाठी सांगतो: पी.टी.चे, पहाटे खाडीवर असायचे ते.

सर सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले होते. सैन्यात असताना पुण्याला मुळेच्या पाण्यावर रोइंग शिकले आणि पुढे राष्ट्रीय विजेते झाले. ही बातमी आम्हाला ऑफिसातल्या भाऊंनी दिली, सर स्वतः कधी बोलले नाहीत. पदकं कुठे ठेवलीत असं आम्ही एकदा विचारलं, तर म्हणाले, "ट्रंकेत असतील. तू वल्हं धर." फार आग्रह केला तर १९८२ च्या एशियाडचं सांगत. आशियाई स्पर्धांत रोइंग त्या वर्षी पहिल्यांदा आलं, आणि शर्यती दिल्लीत न होता जयपूरजवळच्या रामगडच्या तलावात झाल्या. तो तलाव पुढे कोरडा पडला, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

शाळेला रोइंगची बोट परवडणं शक्यच नव्हतं. खरी सिंगल स्कल, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची शर्यतीची बोट, आठेक मीटर लांब, वजन जेमतेम चौदा किलो, रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी, आणि आत चाकांवर सरकणारी सीट. आमच्याकडे होती एक जुनी होडी. तिची फळी स्थिर, त्यामुळे सगळा जोर हातांवर यायचा. सरांनी सुताराकडून लांब गुळगुळीत फळी बसवून घेतली आणि तिला खोबरेल चोळलं. त्यावर बसून मागे-पुढे घसरायचं. "हातान नाय रे, पायान वल्हव!" एरवी वर्गात शुद्ध बोलणारे सर पाण्यावर मालवणीत येत. पाय, पाठ, हात. परत येताना हात, पाठ, पाय. खाकी चड्ड्यांवर तेलाचे असे डाग पडले की समस्त आयांनी मिळून मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली. दुसऱ्या वर्षी सरांनी मुलींनाही होडीत बसवलं तेव्हा तर गावात बरंच काही बोललं गेलं. सरांनी उत्तर दिलं नाही. मुली वल्हवत राहिल्या.

सराव घड्याळावर नसायचा, तिथीवर असायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार आणि जरा वेळ उभं राहणार. तेवढाच वेळ आमचा. शाळेच्या वेळापत्रकाशेजारी सरांनी कालनिर्णय टांगलं होतं. अपूर्णांकांचा एवढा उपयोग गणिताच्या तासालाही कधी झाला नाही.

आता वस्तीच्या गाडीची गोष्ट. रोइंगमध्ये माणूस पाठमोरा बसतो, जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ असते. म्हणून मागच्या काठावरची एक खूण धरायची आणि ती होडीच्या शेपटाशी सरळ ठेवत वल्हवायचं. आमच्या वर्गातल्या एकाने (नाव लिहीत नाही, तो सध्या सरपंच आहे) खूण म्हणून काठच्या रस्त्यावर मुक्कामाला उभी असलेली लाल एसटी धरली. छान ठळक खूण. गडी खाली मान घालून वल्हवतोय, आणि गाडीची सुटायची वेळ झाली. ड्रायव्हरने गाडी सावकाश पुढे घेतली, तशी आमची होडीही सावकाश वळत गेली. काठावरून आम्ही ओरडतोय, त्याला वाटलं आम्ही जोर देतोय. होडी कांदळवनात घुसली तेव्हा वल्ह्याला चिखल आणि याच्या गळ्यात फांदी.

आम्ही लोळून हसलो. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या तासाला त्यांनी कोळीवाड्यातले एक म्हातारे आजोबा आणून वर्गात बसवले आणि म्हणाले, "बाबांनू, दर्यात जाळा टाकूची जागा कशी वळाखतात ता पोरांका सांगा." आजोबांनी खडू हातात घेतला नाही. खिडकीतून बोट दाखवलं: जवळचा माड आणि त्याच्या मागचा देवळाचा कळस, दोन्ही एका रेषेत आले की आपण रेषेवर. माड उजवीकडे सरकला की आपण डावीकडे गेलो. एक खूण फसवते, दोन फसवत नाहीत. सरांनी फळ्यावर फक्त दोन टिंबं काढली. पुढे नॉटिकलच्या प्रशिक्षणात ट्रान्झिट, म्हणजे दोन खुणा एका रेषेत धरण्याचा, धडा आला तेव्हा बाकीचे कॅडेट आकृत्या काढत होते. मला नववीतच दोन टिंबांत कळलं होतं. आज कॅप्टन म्हणून तेलवाहू जहाज बंदरात घेताना समोर जीपीएस असतोच, तरी माझी नजर आधी किनाऱ्यावर दोन खुणा शोधते.

आपला रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला आणि सिंगल स्कलमध्ये तेरावा आला, तेव्हा सरांचा फोन आला. आनंद होता, पण रागही होता. "चांदवडकडचा पोरगा. गावात प्यायला पाणी नाही. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरलं. आणि आपण खाडीत जन्माला येऊन काय केलं?" २०१८ मध्ये दत्तूच्या चमूने एशियाडला सुवर्ण जिंकलं, तेव्हा मात्र नुसतंच "बघितलंस?" म्हणाले.

सर गेले. खाडीही आता ती नाही. पहाटेपासून पर्यटकांच्या बोटींची घरघर, लाटांवर लाटा, वाळूचा उपसा. उभं राहिलेलं पाणी शोधावं लागतं. सरांची होडी कुजली, तिची फळी कुणी नेली ते कळत नाही.

पण एक बातमी सरांना सांगायची राहिली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरचं रोइंग येतंय. वाळूवरून धावत जाऊन बोटीत उडी, बोयांना (पाण्यावर तरंगत्या खुणांना) वळसे घेत अडीचशे मीटर बाहेर, तेवढंच परत, आणि उतरून पुन्हा धावत जाऊन बझर दाबायचा. तळं नको, लाटा चालतात. याहून आपल्या पोरांच्या सोयीचा खेळ कोणता? आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून अशी एक बोट शाळेला देणार आहोत, पैशांची जुळवाजुळव सुरू आहे. समितीने जिमखान्यामागची शेड मोकळी करून द्यावी. आणि शेडची किल्ली ऑफिसात ठेवू नये, मुलांकडे द्यावी. सर तसंच करायचे. भरतीच्या वेळी ऑफिस उघडलेलं नसतं.