आमच्या इमारतीला जिना एकच आहे

आमची इमारत सात मजल्यांची, डोंबिवली पूर्वेला. लिफ्ट एक, जिना एक. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे अठ्ठावीस घरांतल्या माणसांनी खाली उतरायचं आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी वर चढायचं ते याच जिन्यातून. सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून मी सगळ्यात जास्त वाद घातले ते या जिन्यापायी, आणि अजूनही घालते.

जिन्यात काय काय असतं ते कुणाला नव्याने सांगायला नको. दारापाशी चपलांचा स्टँड, त्याच्यावर कुंडी. मधल्या वळणावर सायकली. त्यातल्या एकीचा मालक नोकरीला लागून केव्हाच बंगळुरूला गेलाय. रंगकामातून उरलेले डबे, थिनरची बाटली, ताडपत्री, गुंडाळून उभी केलेली फोमची गादी. गच्चीच्या दारापाशी थर्माकोलची मखरं. थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आली, पण त्याआधीची मखरं टाकवत नाहीत म्हणून तिथेच एकावर एक रचलेली.

प्रत्येकाचं म्हणणं एकच: "काकू, एवढंसं तर आहे, कुणाला अडतंय?" म्हणून एका संध्याकाळी मी टेप घेऊन जिना मोजला. रुंदी चार फूट. स्टँडने सव्वा फूट खाल्लेला. समोरच्या घराचं जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं. ते उघडं असलं की मला स्वतःला अंग चोरून जावं लागलं. पाठीवर हवेचा सिलिंडर, हातात होज घेतलेला जवान तिथून कसा जाणार? आणि स्ट्रेचरवर कुणाला आणायचं झालं तर?

तिसऱ्या मजल्यावर आगीच्या पाण्याची लाल पेटी आहे. तिच्यासमोर असाच एक स्टँड होता, त्यामुळे पेटीचं दार वीतभरच उघडायचं. स्टँड सरकवून आत पाहिलं तर झाडू, फिनेलची बाटली आणि घडी पडून पडून चिरलेला होज. होजच्या टोकाला लावायचा पितळी नोझल गायब. पितळ भंगारात विकलं जातं, तेव्हा तो कुठे गेला असेल ते उघड आहे. वर्षानुवर्षं आम्ही त्या पेटीवरून ये-जा करत होतो आणि पेटी आहे म्हणजे सोय आहे असं धरून चाललो होतो.

माणसं ज्वाळांना घाबरतात, धुराला नाही. 6 ऑक्टोबर 2023 ला पहाटे गोरेगावच्या एका एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) इमारतीत तळाच्या पार्किंगमध्ये ठेवलेले कपड्यांचे गठ्ठे आणि गाड्या पेटल्या. धूर वरच्या मजल्यांवर पोचला, झोपेतली माणसं त्यात सापडली आणि किमान सात जीव गेले. मला त्या बातमीतलं सगळ्यात जास्त लागलं ते हे की पेटलेलं सामान खाली होतं आणि घरं वर होती. गरम धूर वरच धावतो, जिन्याचं धुराडं होतं. फोम, रबर, रेग्झिन जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो, फोममधून तर हायड्रोजन सायनाइडही. मोजक्या श्वासांत माणूस भोवळून पडतो. दारापुढचे बूट आणि गादी हे या धुराचंच इंधन आहे.

आमच्याकडे विजेचे मीटर जिन्याखाली, आणि त्यांना खेटून स्कूटर लावायची पद्धत. मीटरमध्ये ठिणगी, शेजारी पेट्रोल आणि वर अख्खा जिना. हे मी सभेत मांडलं तेव्हा मात्र कुणी वाद घातला नाही. स्कूटर कंपाउंडच्या भिंतीकडे गेल्या, आणि ई-स्कूटर चार्ज करायचा पॉइंटही जिन्यापासून लांब उघड्यावर काढला.

बाकीच्या वस्तूंना नोटीस लावून उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत झालंय. वन बीएचकेत पाच माणसं राहतात, चपला बाहेर काढायची आपली रीत आहे, तर चपला जाणार कुठे? दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला चिकटणारा, सहा इंच खोलीचा उभा रॅक मिळतो. तो एका घरी बसवून दाखवला, मग इतरांनी आणला. सायकलींना कंपाउंडमध्ये हूक लावले. एका रविवारी भंगारवाल्याला टेम्पो घेऊन बोलावलं आणि ज्या वस्तूंवर कुणी हक्क सांगितला नाही त्या दिल्या.

अवघड होतं ते चौथ्या मजल्यावरच्या आजींचं बाकडं. लिफ्ट बंद असली की आजी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यावर बसून दम घेतात. बाकडं हलवा म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि ते तिथे ठेवणंही पटेना. शेवटी डक्टच्या भिंतीपाशी आत गेलेला एक कोपरा सापडला, जिथून कुणी चालत नाही. तिथे लोखंडी फ्रेमची, उठलं की आपोआप भिंतीला मिटणारी बैठक बसवून घेतली. आजी बसून पाहून म्हणाल्या, "बाई गं, हे तर बरं झालं, पाठही टेकते."

गच्चीच्या कुलपावरून अजून कुरबुर आहे. चोरांची, पोरांची भीती खरी आहे, पण गच्चीचं दार आतून नुसत्या कडीवर हवं, किल्ली शोधायला लागता कामा नये. आणि गच्ची उघडी आहे म्हणून धुरातून वर धावू नये, हेही मी प्रत्येक घरात सांगून आले. जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबायचं, दार लावून फटीत ओली चादर कोंबायची, खिडकीत यायचं, 101 ला फोन करून मजला आणि फ्लॅट सांगायचा.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी इमारतीच्या मालकाची आणि तिथे राहणाऱ्यांची आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. पूर्वी आमच्याकडे तो कागद घरपोच यायचा. आता एजन्सीच्या माणसाबरोबर मी स्वतः मजल्या-मजल्यावर जाते, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून पाणी येतंय का ते पाहते. नवा होज आलाय, नोझल आलाय.

सहाव्या मजल्यावर पॅसेजमध्ये एक लाकडी कपाट अजून उभं आहे. दारासमोरची जागा आमचीच, असं त्या घरातले दादा म्हणतात. ती कुणा एकाची नसून सगळ्या सभासदांची आहे, हे त्यांना उपविधी उघडून दाखवलं. अतिक्रमणाला दंड आहे, पण तो मला लावायचा नाही. सुतार शनिवारी येणार आहे. कपाट कापून त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात बसतंय का, ते माप घ्यायला मीही जाणार आहे.