गुळगुळीत वडी

आपल्याकडे गोडाची तारीफ करताना 'रवाळ' म्हटलं की वर आणखी काही म्हणायची गरज उरत नाही. तूप रवाळ हवं, कंदी पेढा रवाळ हवा, आणि नारळाची वडी रवाळ नसली तर 'पाक कच्चा राहिला वाटतं' हे कुणीतरी बोलून दाखवतंच. अमेरिकेत फज नावाचा जो वडीचा भाऊबंद आहे, त्याचं नेमकं उलटं. जिभेला एक जरी कण लागला तरी फज बिघडला! तिकडच्या पाककृतींचा निम्मा मजकूर कण होऊ द्यायचे नाहीत यावरच खर्ची पडलेला असतो. तोंडात टाकला की तो नुसता विरघळावा, दातांना काही काम राहू नये, ही त्यांची परीक्षा.

या फंदात मी एरवी पडले नसते. पण माझी भाची व्हीगन झाली. दूध, दही, तूप, मध सगळं बंद. आमच्या सासूबाई मूळच्या साताऱ्याच्या, दुधातुपातल्या. त्यांनी तिला विचारलंच, "अगं, मग तू खातेस तरी काय?" ती म्हणाली, "आजी, तुमच्याकडचं निम्मं जेवण मी खातेच की." मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. भाकरी, पिठलं, भरली वांगी, मटकीची उसळ, ठेचा. पोरगी खोटं बोलत नव्हती. अडतं ते गोडापाशी. मराठी गोडाला शेवटी कुठेतरी तूप लागतंच; पदार्थात नसलं तर थाळीला लावायला लागतं. तेव्हा तिनेच सुचवलं, "मावशी, पीनट बटर फज करू या. एकदम सोप्पा आहे. पाकबिक काही नाही."

पाक नाही म्हटल्यावर मी लगेच तयार झाले.

पीनट बटर मात्र घरी करायचं हे मी ठरवलं. शेंगदाणे ज्या घरात पाच किलोंनी भरले जातात तिथे दाण्याची बरणी विकत आणायची म्हणजे अतीच झालं. वाण्याकडे दाण्यांची पोती शेजारी शेजारी उभी असतात: जाडा, घुंगरू, स्पॅनिश. यासाठी स्पॅनिश घ्यावा. दाणा बारीक, गोल आणि तेलाला चांगला. शेंगदाण्यात तसं वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं, पण ते बाहेर येईल की नाही हे भाजण्यावर ठरतं. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत. सालावर तपकिरी ठिपके आले आणि तडतड थांबत आली की गॅस बंद करायचा. थोडे निवले की तळहातांनी चोळून सालं काढायची. पूर्वी सुपात पाखडत; आता गॅलरीत ताटातून फुंकर मारतो आणि फोलपटं खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसतात. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहीत नाही.

मग मिक्सर. इथे खरी गंमत आहे. पहिल्या फिरक्यांत कूट होतं, म्हणजे ज्या टप्प्यावर महाराष्ट्र थांबतो तो. खिचडी, कोशिंबीर, आमटी, लाडू, सगळं याच टप्प्यावर भागतं. फज करायला मात्र पुढे जावं लागतं. आणखी फिरवलं की कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडांना चिकटून बसतं, पातं मधे रिकामंच फिरतं, आवाज बदलतो. चमच्याने खरवडून खाली ढकला, पुन्हा फिरवा. मग त्याचा एक घट्ट, मठ्ठ गोळा होतो आणि तो हलायलाच तयार नसतो. इथे हटकून वाटतं की दोन चमचे पाणी घालावं. घालू नये. मोटर तापली असेल तर पाच मिनिटं थांबावं, पण पाणी घालू नये. पुन्हा चालू केलं की कधीतरी तो गोळा एकाएकी सैल पडतो, चकाकतो आणि पात्याभोवती गोल गोल वाहायला लागतो. बाहेरून काहीही घातलेलं नसतं. दाण्याच्या पेशी फुटून आतलं तेल मोकळं झालेलं असतं, एवढंच. सोलापूरकरांना यात काही नवल वाटणार नाही. शेंगाचटणी उखळात कुटताना तेल सुटेपर्यंत मुसळ खाली ठेवायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. फक्त त्यात लसूण आणि तिखट असतं, म्हणून तिला कुणी बटर म्हणत नाही.

शिवाय हे लोणी मुळातच पथ्याचं आहे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामातले डॉक्टर जॉन हार्वे केलॉग, ते कॉर्नफ्लेक्सवाले, मांसाच्या विरोधात होते. दाण्याचं लोणी करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी १८९५ मध्ये अर्ज केला. त्याआधी १८८४ मध्ये कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचं पेटंट मिळवलं होतं. पुढे कंपन्या आल्या आणि बरणीत तेल वर तरंगू नये म्हणून हायड्रोजनेटेड स्निग्धांश, गोडी यावी म्हणून साखर, असं करता करता दाणे कमी होत गेले. १९५९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हटलं, पीनट बटर म्हणायचं तर ९५ टक्के दाणे हवेत. कंपन्या ८७ वर अडून बसल्या. भांडण शेवटी ९० की ८७ यावर आलं आणि निकाल लागायला १९७१ उजाडलं. रूथ डेसमंड नावाच्या गृहिणी ९० टक्क्यांच्या बाजूने या सुनावण्यांना चिकाटीने हजर राहत. तीन टक्के दाण्यांसाठी! मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. त्या आमच्या सोसायटीत असत्या तर पाण्याच्या टँकरचा हिशोब कधीच लागला असता.

तर लोणी झालं. आता भाचीची कृती: दोन वाट्या लोणी, अर्धी वाटी काकवी, अर्धी वाटी खोबरेल, चांगलं चिमूटभर मीठ. मूळ कृतीत मेपल सिरप असतं, पण दाण्याशी काकवीचं जमतं तसं दुसऱ्या कशाचं जमत नाही. किसलेला गूळ थेट घातला तर चालत नाही, कारण साखर असो वा गूळ, तेलात विरघळत नाही. कण तसेच राहतात. आणि कण तर नको आहेत. भाचीला गूळही व्हीगन आहे ना याची शंका होती. हल्ली ही मुलं पाकिटाची मागची बाजू आधी वाचतात. मी तिला कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांचं सांगितलं, काहिलीत रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडांचा चिकट रस घालतात ते. भेंडी ऐकून तिचं समाधान झालं.

काकवी ओतल्याबरोबर मात्र ती घाबरली. इतका वेळ छान वाहणारं लोणी दोन वळशांत आवळून आलं आणि कणकेचा गोळा होऊन चमच्याला लटकलं. काकवीतल्या थोड्याशा पाण्याने हे होतं. मघाशी पाणी घालू नका म्हटलं ते याच्यासाठी. पातेलं गरम पाण्यावर धरून खोबरेल थोडं थोडं घालत घोटलं की ते ताळ्यावर येतं. घोटता घोटता सासूबाई आल्या. ओट्यावरची बाटली बघून म्हणाल्या, "डोक्याचं तेल वडीत?"

"आजी, केरळात याच तेलात सगळं करतात. कोकणातसुद्धा."

"करत असतील. आणि थाळीला काय लावलंस?"

"काही नाही, बटर पेपर घातलाय."

"लोणी चालत नाही आणि बटर पेपर चालतो," म्हणत त्या टीव्हीपुढे जाऊन बसल्या.

थाळी फ्रीजरमध्ये तासभर. सुरी फिरवली तर कडा धारदार, वरून झकास तकाकी, आणि तोंडात टाकल्यावर खरोखरच काही उरलं नाही. आधी मिठाची चव लागली, मागाहून भाजल्या दाण्याची, आणि शेवटी काकवीचा तो किंचित कडसर गोडवा. गोडात मीठ जाणवेल इतकं घालायचं धाडस आपण करत नाही. पुरणपोळीच्या कणकेत घालतो, मोदकाच्या उकडीत घालतो, पण ते कळू न देता. इथे ते उघड असतं आणि चांगलं लागतं.

पण थाळी टेबलावर आली आणि गप्पांना बसलो, तोवर फजच्या कडा घामेजल्या. बोटाचे ठसे उमटायला लागले. याचं सगळं उभं राहणं खोबरेलावर, आणि खोबरेल साधारण २४ अंशाला वितळतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजतं, दुपारी पुन्हा पातळ. म्हणजे हा पदार्थ फ्रीजच्या दारापासून तोंडापर्यंतच्या अंतराचा. जिभेवर जो इतका सुरेख वितळतो त्याचं कारण तेच, आणि डब्यातून पाठवता येत नाही त्याचंही कारण तेच.

भाचीला डबा तर न्यायचा होता. रात्रभर रेल्वेने बंगळूर. म्हणून शेवटी पाकावर आलोच.

खरा, जुना फज पाकाचाच. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासर या मुलींच्या कॉलेजातली एमेलिन हार्ट्रिज नावाची विद्यार्थिनी पुढे एका पत्रात लिहून गेली की १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या दुकानात फज ४० सेंटला पौंड मिळायचा, आणि त्याची कृती मिळवून तिने १८८८ मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड फज केला. मग त्याचं वेडच लागलं. वसतिगृहात रात्री दिवे घालवायच्या वेळेनंतर मुली गॅसच्या दिव्यावर भांडं धरून फज करत. त्यांच्याकडे थर्मामीटर कुठला असायला? वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा आणि बोटांनी मऊ गोळी वळते का बघायचं. म्हणजे आपला गोळीबंद पाक. अंशांत सांगायचं तर ११२ ते ११६ सेल्सियस. हे वाचल्यावर मला त्या मुली एकदम ओळखीच्या वाटायला लागल्या.

इथवर आपण आणि त्या बरोबर असतो. वाटा फुटतात त्या पुढे. आपण पाकात नारळ किंवा कूट घालून आचेवरच ढवळत राहतो, मिश्रण कडेने सुटायला लागेपर्यंत. पाक गरम असताना ढवळला की साखरेचे स्फटिक थोडे पण मोठे होतात. तोच आपला रवा, ज्याची आपण वाहवा करतो. फजवाले पाक उतरवतात आणि त्याला हातही लावत नाहीत. साधारण ४५ अंशांवर, म्हणजे भांडं सुखाने धरवेल इतपत आलं, की मग जीव खाऊन घोटायला लागतात. त्या वेळी असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात, इतके बारीक की जिभेला ते वेगळे कळतच नाहीत. तकाकी गेली की थाळीत ओतायचं. पाक साखरू नये म्हणून आपण दोन थेंब लिंबू पिळतो, ते तिथेही उपयोगी पडतं. आणि गूळ वापरला तर लिंबाचीही फारशी गरज नाही; साखरेला जमू न देणारे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्यात आधीच असतात. दुधासायीच्या जागी नारळाचं घट्ट दूध घ्यायचं.

वाट बघणं हे यातलं सगळ्यात कठीण काम. पातेलं ओट्यावर, आणि जाता-येता प्रत्येकाचा हात कालथ्याकडे जातो. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, ढवळ ते, बुडाला धरेल." गॅस बंद असताना बुडाला कसं धरेल हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. वडी म्हटल्यावर ढवळायचं, हे त्यांच्या हातातच आहे. कोमट झाल्यावर दाण्याचं लोणी घातलं आणि घोटायला भाचीला बसवलं. खांदे दुखल्याशिवाय तकाकी जात नाही. हा फज पहिल्यापेक्षा घट्ट, थोडा ठिसूळ, टेबलावर तासन् तास ठेवा, हलत नाही. गुळगुळीत? बऱ्यापैकी.

मला विचाराल तर चवीला पहिला सरस आणि वडी म्हणून दुसरा. पण दोन्ही खाताना माझे दात मधेच काहीतरी शोधत होते, हे कबूल करते. आमच्या सासूबाईंनी तर सरळ दाण्याची भरड आणून स्वतःच्या तुकड्यावर दाबली आणि मग म्हणाल्या, "आता ठीक आहे." भाचीने कपाळावर हात मारला. बंगळूरच्या डब्यात मात्र निम्म्या वड्यांवर भरड लावून नेली. मैत्रिणींना कुठल्या आवडल्या ते विचारलं नाही.

मे महिन्यात मात्र यातल्या कशाच्याही नादी लागू नये. खोबरेलाचा फज थाळीतच पातळ होतो आणि पाक निववायला पंख्याखाली दुपार जाते. तेव्हा सरळ चिक्की करावी. ती व्हीगनच असते. लाटताना ओट्याला तुपाऐवजी तेलाचा हात फिरवला की झालं.