पेंढा गोळा करणाऱ्या रेकची वाकलेली फ्रेम: दुरुस्त करायची की नवी बांधायची? आमची वाटचाल

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या वर्कशॉपचं पहिलं काम शेतीचं नव्हतं. बाबांनी वेल्डिंगचा सेट घेतला तो खनिजाच्या ट्रकांसाठी. भरलेला टिप्पर खाणीच्या रस्त्यावरून पळाला की चेसिसला पीळ बसतो, क्रॉस मेंबरचे रिव्हेट ढिले होतात, हौद्याच्या तळाला चिरा जातात. वर्षानुवर्षं हीच कामं. बाबांची शिस्त एकच होती, कर्ण मोजल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. चेसिसवरचे ठरलेले बिंदू ओळंब्याने खाली उतरवायचे, लादीवर खडूने खुणा करायच्या आणि तिरपी टेप लावायची. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर चेसिस सरकलेलं आहे, मग ते डोळ्यांना कितीही सरळ दिसो.

२०१२ साली खाणी थांबल्या. मध्ये काही काळ सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि मार्चमध्ये उत्खनन पुन्हा बंद पडलं. आमच्याकडची पोरं कसबी होती, त्यांना घरी बसवायचं मनात नव्हतं. गेटं केली, ग्रिलं केली, पॉवर टिलरची केज व्हील, म्हणजे चिखलात चालायची लोखंडी चाकं, बांधली. भाताची कापणी हार्वेस्टरने होऊ लागली तसा पेंढा शेतात पसरून राहू लागला. तो ओळीने गोळा करायला रेक आणि गठ्ठे बांधायला बेलर आले. गाईगुरं पाळणाऱ्यांना पेंढा सोन्यासारखा. आमच्याकडे येणारे रेक बहुतेक घाटावरून जुने घेतलेले, आणि जुना रेक म्हणजे कुठेतरी वाकलेला असायचाच.

चार-पाच चाकांचा, ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंटवर (तीन ठिकाणी जोडायच्या जोडणीवर) उचलला जाणारा रेक अगदी साधं यंत्र आहे. त्याला पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा, लागत नाही. तारेची बोटं लावलेली चाकं जमिनीला टेकतात आणि ट्रॅक्टर पुढे गेला की आपोआप फिरून पेंढा बाजूला सरकवतात. सगळी चाकं सारख्या भाराने टेकली पाहिजेत एवढीच त्याची अट. मुख्य फ्रेम थोडी जरी खाली झुकली, की एक चाक माती उकरतं आणि दुसरं अधांतरी राहून पेंढा मागे सोडतं. मातीचा पेंढा बेलरमध्ये गेला की गठ्ठ्यात चिखल जातो, आणि तसल्या वैरणीला जनावर तोंड लावत नाही. शेतकरी येतो तो ‘बोटं बदलून दे’ म्हणून, आणि बघावं तर दुखणं फ्रेममध्ये.

‘किती घेशील?’ या प्रश्नाआधी आम्ही विचारतो की वाकलं कशाने. चाकं खाली असताना ट्रॅक्टर मागे घेतला, किंवा वळताना बांधाला धडकला, तर तो एका दणक्याचा बाक असतो. फ्रेम अँगलची किंवा चॅनेलची असेल आणि चीर नसेल, तर जॅक लावून थंडच सरळ करतो. फार झालं तर गॅसने मंद लाल करायचं आणि आपोआप गार होऊ द्यायचं, पाणी मारायचं नाही. बोटांच्या स्प्रिंगच्या तारेला मात्र आच लागू देत नाही, तिचा ताव गेला की ती कामाची राहत नाही. धडक नसताना फ्रेम हळूहळू झुकत गेली असेल, तर ती सरळ करण्यात अर्थ नाही. पत्रा पातळ झाला आहे, किंवा हिचच्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या भागाच्या, जोडाला चीर आहे, नाहीतर मशीन ताकदीबाहेर वापरलं आहे. सरळ करून दिलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच वाकणार.

बॉक्स पाइपचं प्रकरण सगळ्यांत फसवं. चोडणहून एक काका मयेमार्गे टेंपोत घालून रेक घेऊन आले होते. त्यांची शेती खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत. वरून रंग चकचकीत, मध्ये थोडा बाक. पोरगा गॅस घेऊन पुढे झाला, त्याला थांबवलं. बंद पाइपात पाणी असेल आणि त्याला आच दिली तर वाफेने पाइप फुटतो. फ्रेमच्या सगळ्यांत खालच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडलं, तर काळपट गंजाचं पाणी धारेने आलं. मग दोन-तीन ठिकाणी भोकं घेऊन जाडी मोजली. खालची बाजू निम्म्याहूनही कमी उरली होती. खाऱ्या शेतात चालणाऱ्या मशीनचं हे नेहमीचं आहे, गंज आतून खातो.

मी म्हटलं, “काका, पट्टी मारून आज देऊ शकतो, पण ती पट्टी ज्याला जोडायची तो पत्राच उरलेला नाही.”

काकांचा चेहरा उतरला. नवा रेक घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. तेव्हा आम्ही मशीनचा एकेक भाग वेगळा काढून बघितला. चाकांचे हब चांगले, बेअरिंग बदलली की झालं, बोटं बरीचशी शाबूत, थ्री पॉइंटचा मास्ट (जोडणीचा उभा सांगाडा) दणकट. वाईट होती ती एकटी मुख्य नळी. जुन्या फ्रेमची सगळी मापं लादीवर खडूने उतरवली, नवी जाड नळी आणली, टोकं पूर्ण बंद केली आणि जुने भाग तिच्यावर चढवले. त्या वायंगणीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या हंगामाला, काकांनी त्याच रेकवर पेंढा गोळा केला, आणि पुढे शेजाऱ्यांनाही आमच्याकडे पाठवलं.

तिथून आमच्या कामाला वेगळी दिशा मिळाली. आज रेकची फ्रेम आली की तीन वाटा समोर असतात: सरळ करणं, तेवढा तुकडा बदलणं, किंवा जुन्या मापावर अख्खी नवी बांधणं. तुकडा बदलताना आतून स्लीव्ह, म्हणजे पाइपात घट्ट बसणारी छोटी नळी, घालतो, आणि वरची पट्टी टोकांना निमुळती कापतो, म्हणजे वेल्डची रेघ पाइपवर सरळ आडवी येत नाही. आडव्या वेल्डशेजारी चीर धरते, हे टिप्परांनी शिकवलेलं. पावसाळ्यात इथल्या हवेत वेल्डिंगचे रॉड ओल धरतात, म्हणून लो हायड्रोजन रॉड ओव्हनमधून काढूनच वापरतो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी यात सूट नाही.

पीटीओवर फिरणारा रेक असेल आणि धक्का गिअरबॉक्सच्या बैठकीपर्यंत गेला असेल, तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. आणि दुरुस्तीचा खर्च चालू स्थितीतल्या जुन्या रेकच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर तेही तोंडावर सांगतो. अशी कामं परत गेल्याने धंदा थोडा कमी होतो. बाबा अजून दुपारी येऊन बसतात, ते मात्र अशा दिवशी खूश असतात.

बांधलेल्या प्रत्येक फ्रेमची मापं आता वहीत ठेवतो, त्यामुळे तसाच रेक दुसऱ्या कुणाचा आला तर नळी आधीच कापून ठेवता येते. वायंगणीची कापणी तोंडावर आली की सगळे एकदम येतात. रेक त्याआधी, पेंढ्याचं काम नसताना आणला तर नीट मोजून, घाई न करता काम होतं. आणताना चाकं काढून आणू नका, ती जागेवर असली की कुठलं चाक अधांतरी आहे ते लगेच दिसतं.