पासवर्ड मागतंय कोण, ते आधी बघा

मुंबईच्या वन बीएचकेमधलं नेहमीचं चित्र: हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, त्याला जोडलेला प्रिंटर, आतल्या खोलीत लॅपटॉप, माळ्यापाशी राउटर आणि त्यात गच्चीवरून आलेली केबलवाल्याची वायर. एवढ्याशा घरात गुप्त आकडे-अक्षरं मात्र पाच: वायफायची, राउटरच्या ॲडमिन पानाची, ब्रॉडबँडच्या लॉगिनची, डेस्कटॉपच्या अकाउंटची आणि त्याच डेस्कटॉपच्या पिनची. पासवर्ड विसरल्याने घोळ होतोच, पण बरोबर पासवर्ड भलत्याच खिडकीत टाकल्याने त्याहून जास्त होतो. डेस्कटॉपवरचं फोल्डर लॅपटॉपवर उघडत नाही म्हणून वायफायचा पासवर्ड बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. फोल्डर बंदच राहतं, वर घरातले सगळे फोन नेटवरून तुटतात.

त्या फोल्डरचंच आधी बघू, कारण खरी फसगत तिथेच आहे. 'एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स' ही खिडकी लॅपटॉपवर उघडते, म्हणून माणूस लॅपटॉपचं नाव आणि पासवर्ड टाकतो. पण फोल्डर ज्याच्याकडे, कुलूपही त्याचंच. तिथे डेस्कटॉपवरच्या अकाउंटचं नाव आणि पासवर्ड लागतो. नुसतं नाव दिलं तर ते लॅपटॉपच्याच अकाउंटचं धरलं जाऊ शकतं. म्हणून आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरकी रेघ (\), मग अकाउंटचं नाव असं लिहावं. डेस्कटॉपचं नाव सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे सापडतं. त्यावर मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल, तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या ईमेल अकाउंटचा पासवर्ड.

पिन इथे चालत नाही, दहा वेळा टाकला तरी. तो त्या एका मशीनपुरता असतो आणि नेटवर्कवरून जातच नाही. रोज पिनने आत जाणाऱ्यांना मूळ पासवर्ड आठवत नाही, ही अर्ध्या घरांची अडचण. उरलेल्यांच्या डेस्कटॉपला पासवर्डच नसतो, आणि कोरा पासवर्ड असलेल्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. स्क्रीनसमोर बसून चालतं, लॅपटॉपवरून चालत नाही, ते त्यामुळे.

यावर बरेच जण सांगतात की 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाका. तसं केलं की येणारा पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट म्हणून, आत शिरतो. तुमच्या वायफायवर असलेल्या कोणालाही मग ते फोल्डर मोकळं. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून विंडोज प्रो असलेला लॅपटॉप असल्या गेस्ट जोडणीला मुळातच नकार देतो. राउटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क अपडेटनंतर दिसेनाशी झाली असेल, तर आधी राउटरमध्ये त्या डिस्कला युजरनेम आणि पासवर्ड लावून बघा. राउटर फारच जुना असेल आणि त्याला फक्त एसएमबी 1 (नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची जुनी पद्धत) येत असेल, तर तेवढ्यासाठी लॅपटॉपवर एसएमबी 1 चालू करू नका. 2017 च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं ते त्याच वाटेने. डिस्क काढून डेस्कटॉपला लावा.

सरळ उपाय म्हणजे डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक लोकल अकाउंट, म्हणजे त्या मशीनपुरतं, ईमेलशिवायचं अकाउंट, काढणं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ईमेल मागितला की 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' हा पर्याय आणि पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा'. पासवर्ड द्यायलाच हवा; दिलात की विंडोज तीन सुरक्षा प्रश्नही विचारतं. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर, आणि त्या नावाला 'रीड' किंवा 'रीड/राइट' परवानगी. दोन्ही मशीनवर घरचं वायफाय 'प्रायव्हेट' म्हणून निवडलेलं हवं. 'पब्लिक' असेल तर डेस्कटॉप यादीत दिसतच नाही.

त्या क्रेडेन्शियल्सच्या खिडकीत 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक केली की ही नाव-पासवर्डची जोडी लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली जाऊन बसते. (शेजारचा 'वेब क्रेडेन्शियल्स' हा कप्पा वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) पुढे डेस्कटॉपचा पासवर्ड बदलला की लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. तिथली नोंद एडिट करा किंवा काढून टाका, आणि लॅपटॉपवरून साइन आउट होऊन परत या; चालू असलेली जोडणी नोंद काढल्याने तुटत नाही. एकाच डेस्कटॉपशी दोन वेगळ्या नावांनी जोडायला गेलात तर 1219 ही एरर येते. तीही बहुतेकदा साइन आउट केल्यावर जाते.

आता केबलवाल्याची बाजू. बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडना पीपीपीओई लॉगिन असतं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड दिल्यावरच नेट सुरू होतं, आणि काही घरांत ते लॉगिन टाकून नेट जोडणारा डायलर अजून कॉम्प्युटरवरच असतो. रोज 'कनेक्ट' दाबायची गरज नाही. राउटरच्या ॲडमिन पानात वॅनचा (बाहेरून येणाऱ्या इंटरनेट जोडणीचा) प्रकार पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड तिथेच टाका. पत्ता बहुतेक 192.168.0.1 किंवा 192.168.1.1, राउटरच्या पोटावर छापलेला असतो. डायलरवर 691 ही एरर आली तर लॉगिन नाकारलंय: पासवर्ड चुकलाय किंवा प्लॅन संपलाय. 651 आली तर पलीकडून उत्तरच नाही, तेव्हा पासवर्डशी झटापट व्यर्थ. पावसाळ्यात अशा वेळी आधी वायर आणि गच्चीवरचा स्विच बघायला सांगा.

वायफायचा पासवर्ड शोधणं सगळ्यात सोपं. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स. तिथे आपलं नेटवर्क उघडून 'व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की'. कालनिर्णयाच्या मागे लिहिलेला जानेवारीत रद्दीत जातो, त्यापेक्षा हे बरं. नवा ठेवताना किमान 8 अक्षरं लागतात, 63 पर्यंत चालतात. फ्लॅट नंबर आणि आडनाव ही जोडी आख्ख्या मजल्याला पाठ असते, ती टाळा.

राउटरच्या ॲडमिनचा पासवर्डच हरवला, तर मागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने साधारण दहा सेकंद दाबून धरायचं. पण त्यासरशी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि ते केबलवाल्याकडेच असतं. आधी फोन करून ते लिहून घ्या, मग टाचणी हातात घ्या. रविवारी रात्री तर नकोच.