एका मोकळ्या जागेपायी

काम सांगितलं तेव्हा मी "दुपारपर्यंत देतो" म्हणालो होतो. महिनाअखेरीला आमच्याकडून दुसऱ्या एका सिस्टीमला टेक्स्ट फाइल जाते. प्रत्येक ओळ मोजून ४० अक्षरांची. पहिल्या ५ जागा विभागाच्या कोडला, पुढच्या १२ रकमेला, मग तारीख, अनुक्रमांक आणि संदर्भ. आधी ही फाइल एक जुना प्रोग्राम बनवायचा. तो मोडीत काढून फाइल थेट ओरॅकल या डेटाबेसच्या क्वेरीतून, म्हणजे त्याला दिलेल्या हुकमातून, काढायची असं ठरलं. आकडे टेबलात तयारच होते. त्यांना टू_चार (दिलेल्या साच्याप्रमाणे आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) लावायचं, एकाला एक चिकटवायचं आणि फाइलमध्ये ओतायचं, एवढंच. त्यात दोन दिवस गेले, आणि नंतरचे कित्येक महिने त्याच क्वेरीला ठिगळं लावण्यात.

क्वेरी लिहिली, पाच-दहा ओळी स्क्रीनवर पाहिल्या. ४२ नंबरच्या विभागाचा कोड ०००४२ असा ऐटीत उभा होता. फाइल पाठवली. समोरून उत्तर आलं: ओळीची लांबी ४२, अपेक्षित ४०, सगळ्या ओळी नामंजूर.

दोन अक्षरं जास्त म्हटल्यावर माझा संशय लगेच ओळीच्या शेवटावर गेला. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण दोन अक्षरांची असते, युनिक्सवर एकाच. समोरचे ती खूणही मोजत असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. हिशेब इतका चपखल बसत होता की तपासून बघावंसंही वाटलं नाही. ती दुपार आणि दुसरी सकाळ फाइल या रूपातून त्या रूपात बदलण्यात गेली. फोनवर थोडं चढ्या आवाजातही बोललो. पलीकडचे गृहस्थ मात्र शांतपणे तेच सांगत राहिले, की ओळीची खूण आम्ही धरतच नाही, तरीही ४२ भरतात.

शेवटी एकेका रकान्याची लांबी मोजायला घेतली. लेंग्थ(टू_चार(४२, '०००००')), म्हणजे तयार झालेल्या मजकुराची लांबी. उत्तर आलं ६. साचा दिला पाच शून्यांचा, मग सहावं अक्षर कुठून आलं? डंप नावाचं एक फंक्शन आहे, ते मजकुरातल्या प्रत्येक बाइटचा आकडा दाखवतं. ते लावलं. समोर आलं: ३२, ४८, ४८, ४८, ५२, ५०. ४८ म्हणजे शून्य, ५२ म्हणजे चार, ५० म्हणजे दोन. आणि सगळ्यांच्या पुढे ३२, म्हणजे मोकळी जागा.

हा बग नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. टू_चार आकड्याच्या पुढे चिन्हासाठी एक जागा राखून ठेवतं. आकडा ऋण असला तर तिथे वजाचं चिन्ह बसतं, धन असला तर जागा कोरी राहते. त्यामुळे धन-ऋण आकडे एकाखाली एक मांडले तरी एकक-दशक सरळ रेषेत येतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या टू_चारचीही हीच रीत आहे. कोड आणि रक्कम असे दोन रकाने, म्हणून दोन जागा, म्हणून ४२. फोन करून त्या गृहस्थांची माफी मागितली.

उपाय अगदी छोटा. साच्याच्या पुढे एफएम लिहायचं. 'एफएम०००००' दिलं की राखीव जागा जाते, शून्यं राहतात. रकमेला 'एफएम०००००००००.००' दिलं: नऊ आकडे, एक टिंब, दोन आकडे, बरोबर बारा. साच्यात ० आणि ९ यांतला फरकही तेव्हाच नीट कळला. शून्य म्हणजे इथे आकडा दिसलाच पाहिजे, नऊ म्हणजे असला तर दाखव. सगळीकडे नऊ ठेवून एफएम लावलं तर अर्धा हा '.५' होऊन येतो, आणि पाच हा '५.' होऊन, शेपटीला टिंब लोंबत. म्हणून टिंबाच्या लगेच डावीकडे आणि उजवीकडे शून्यच द्यावं, असं मी आता डोळे मिटून करतो.

फाइल गेली. त्या आनंदात मी एक आगाऊपणा केला. आमच्याच विभागात रोज बघितला जाणारा एक रिपोर्ट होता, मोठी रक्कम वर आणि लहान खाली. त्यातही रकमेला टू_चार होतं, एफएमशिवाय. म्हटलं, इथलीही मोकळी जागा साफ करून टाकू. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली की ९,८५०.०० ही रक्कम १२,४००.०० च्या वर कशी?

क्वेरीत ऑर्डर बाय रक्कम डेस्क, म्हणजे रकमेनुसार उतरता क्रम लाव, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. घोळ असा, की वरच्या ओळीत टू_चारच्या निकालालाही 'रक्कम' हेच नाव दिलेलं होतं. ऑर्डर बायमध्ये टेबलातला रकाना आणि निकालातला रकाना एकाच नावाचे असले तर निकालातला धरला जातो. म्हणजे क्रम आकड्यांनी लागतच नव्हता, मजकुराने लागत होता, आणि मजकुरात '९' हा '१' च्या पुढे. मग इतके दिवस रिपोर्ट बरोबर कसा येत होता? त्याच मोकळ्या जागांमुळे. साचा एक, सगळे आकडे सारख्याच लांबीचे, लहान आकड्यांपुढे जास्त जागा, आणि बाइटच्या क्रमात ३२ हा ४८ च्या आधी. त्यामुळे धन आकड्यांपुरता तरी मजकुराचा क्रम आणि आकड्यांचा क्रम जुळून येत होता. मी एफएम लावून तो आधार काढून घेतला. चुकीची क्वेरी कित्येक दिवस बरोबर उत्तर देत होती, आणि मी ती सुधारायला गेल्यावर तिने देणं थांबवलं! दुरुस्ती म्हणून ऑर्डर बायमध्ये रकमेच्या आधी टेबलाचं नाव जोडलं. पुढे निकालाच्या रकान्याचं नावच 'रक्कम_मजकूर' केलं, म्हणजे पुन्हा कुणी फसायला नको.

अनुक्रमांकाची गोष्ट वेगळी. तिथे मी टू_चार वापरलंच नव्हतं. कुठल्यातरी जुन्या क्वेरीतून एलपॅड(क्रमांक, ५, '०') उचललं होतं. ७ चे ००००७ होत होते, जास्तीची जागा नाही, मी खूश. वर्षअखेरीची फाइल मोठी निघाली आणि अनुक्रमांक १००००० वर पोचला. एलपॅड नावाप्रमाणे डावीकडे भर घालतं, पण मजकूर सांगितलेल्या लांबीपेक्षा मोठा असेल तर उजवीकडून कापतं, तेही चकार शब्द न काढता. १००००० चे झाले १००००. १००००१ चेही १००००. थेट १००००९ पर्यंत तेच, आणि खरा दहा हजारावा क्रमांक आधीच बसलेला. एकाच क्रमांकाच्या अकरा ओळी. मी तोवर ४० ची लांबी तपासणारी एक क्वेरी फाइलआधी चालवू लागलो होतो, पण तिला यात काहीच वावगं दिसलं नाही. लांबी बरोबरच होती.

टू_चार अशा वेळी काय करतं? आकडा साच्यात मावला नाही तर सगळ्या रकान्यात ###### भरतं. पूर्वी मला त्या जाळ्या बघून वैताग यायचा. आता वाटतं, निदान ओरडून सांगतं तरी. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये काही काळ काम केलं, तिथला प्रकार याहून फसवा. पूर्णांक लहान व्हारचारमध्ये (मजकुराच्या रकान्यात) कोंबला तर नुसती एक चांदणी (*) येते, ते ठीक. पण फ्लोटमधला (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारातला) १२३४५६७.८९ सरळ कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, व्हारचार केला तर हाती येतं १.२३४५७ई+००६. सहाच आकडे शिल्लक, बाकीचे गेले ते गेलेच. तिथे आधी डेसिमल या नेमके दशांश ठेवणाऱ्या प्रकारात कास्ट करायचं आणि मग मजकूर. २०१२ च्या आवृत्तीपासून फॉरमॅट नावाचं देखणं फंक्शन मिळालं आहे, पण ते आतून मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट या प्रणालीकडून काम करवून घेतं. लाखो ओळींवर लावलं तर चहा पिऊन यावं.

आमच्या त्या क्वेरीत मी दुसरी एक तपासणी जोडली. फाइलमधल्या रकमांचा मजकूर टू_नंबरने परत आकड्यात आणायचा, बेरीज करायची आणि टेबलातल्या मूळ बेरजेशी ताडायची. पहिल्याच वेळी पैशापैशांचा फरक निघाला. टू_चार साच्याबाहेरचे दशांश नुसते कापत नाही, जवळच्या आकड्याला पूर्णांकित (राउंड) करतं. ३३.३३५ च्या तीन ओळी प्रत्येकी ३३.३४ होतात, बेरीज १००.०२. खरी बेरीज १००.००५, म्हणजे १००.०१. आता आधी राउंड करून ती किंमत टेबलात साठवतो आणि बेरीजही त्या साठवलेल्या किमतींचीच घेतो.

नंतरच्या एका महिन्यात लांबीच्या तपासणीने एक ओळ पकडली. ४१ अक्षरं. उलट नोंद होती, रक्कम वजा १२५.५०. एफएमने कोरी जागा काढली होती, पण वजाच्या चिन्हाला जागा लागणारच. फाइलच्या लेखी वर्णनात ऋण रकमेबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याच गृहस्थांना पुन्हा फोन लावला, या वेळी नरम आवाजात. त्यांनी जुन्या फाइली उघडून सांगितलं: चिन्ह शेवटच्या जागी यायचं, ऋणाला वजा आणि धनाला कोरी जागा. ती धरून बारा.

त्यासाठी साच्यात एमआय आहे. ते शेवटी लिहिलं की पुढची राखीव जागा नाहीशी होते आणि चिन्ह शेपटीला जातं. टिंबाआधी आठच आकडे उरत होते. सगळ्यात मोठी रक्कम बघून घेतली, पुरत होते. '००००००००.००एमआय' लिहिलं, पुढे सवयीने एफएमही लावलं आणि तपासणी चालवली. या वेळी ऋण रकमेची ओळ बरोबर ४० ची आली आणि धन रकमांच्या सगळ्या ओळी ३९ च्या. एफएमने शेवटची कोरी जागाही चाटूनपुसून साफ केली होती.

रकमेवरचं एफएम काढून टाकलं. डंपने बघितलं तर बारा बाइट, शेवटचा ३२. फाइल त्याच संध्याकाळी गेली.